'एंड' म्हणजे नुसता शेवट नव्हे

'मार्च एंड' हा शब्द आता मराठीच झाला आहे. बँकेतला कारकून किंवा कचेरीतला हिशेबनीस एकदा "मार्च एंड आहे हो!" म्हणाला, की पुढे बोलायची सोयच राहत नाही. ३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपते खरे, पण १ एप्रिलला नव्या खात्याचे पहिले पान उघडते आणि जुनी शिल्लक त्यावर उतरते. हा 'एंड' कसला, हा तर पुढे ओढणे झाले!

इंग्रजी 'एंड' आणि आपला 'अंत' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. दोघांच्याही पोटात 'संपणे' याहून अधिक काही आहे. तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटणारा 'एंड' म्हणजे साध्य. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्या'त साधनाला बीजाची आणि साध्याला वृक्षाची उपमा दिली. वृक्ष म्हणजे काही बीजाचे मरण नव्हे. आपल्या 'सिद्धान्ता'तला अंतही विचाराचे पोहोचणे दाखवतो, थांबणे नव्हे. कापडाच्या धंद्यात तर ताण्याच्या एकेका धाग्यालाच इंग्रजीत 'एंड' म्हणतात. असे शेकडो 'एंड' मागावर चढतात, तेव्हा कुठे विणायला सुरुवात होते.

आपण मराठी माणसे तर शेवटाचे नाव घ्यायलाही कचरतो. कुंकू संपत नाही, ते 'वाढते'. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. घराबाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचे. जमाखर्चाचा मेळ बसवताना इंग्रज दोन 'एंड' जुळवतो, आपण 'तोंडमिळवणी' करतो. त्याची टोके, आपली तोंडे!

इतकी जपून बोलणारी ही माणसे एका ठिकाणी मात्र फार सहज बोलून जातात. मुलीचे लग्न 'फायनल' झाले, की तिच्या शिक्षणाचा 'दी एंड' झालाच म्हणून समजावे. पहिल्या वर्षी माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघी आज वर्गात नाहीत. दोघींची बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख. "तिचे शिक्षण संपले," असे त्यांच्या घरचे सांगतात. फुटलेल्या बांगडीला 'वाढली' म्हणणारे आपण, पोरीच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला बिनदिक्कत 'संपले' म्हणतो! पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेली मुलींची शाळा काय यासाठी होती?

कोणी म्हणेल, सासरी जाऊन शिकता येत नाही का? येते, जरूर येते. पण तशी बोली लग्नाच्या बैठकीत किती जण करतात? मानपानाची यादी होते, मग राहिलेल्या परीक्षांची का होऊ नये?

आणि पदवी हाती पडलेल्या आपल्यासारख्यांचे तरी काय? निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तके रद्दीत घालून 'सुटलो एकदाचे' म्हणणाऱ्यांनी 'एंड'चा एकच अर्थ घोकलेला असतो. पदवी हे साधन. साध्य कोणते, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मैत्रिणींनो आणि मित्रहो, यंदा निरोपसमारंभात कोणी "संपले कॉलेज!" म्हणाले, तर त्याला एवढेच सांगा, "संपले नाही रे, वाढले!" आणि ज्या दोघी-चौघी मध्येच गळाल्या, त्यांच्या घरी एकदा जाऊन परीक्षेचा अर्ज देऊन या.

— तृतीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी