कानाकडे कानाडोळा

कान वाहणे हे आपल्याकडे दुखणे म्हणून मोजलेच जात नाही. मूल मोठे झाले की आपोआप थांबेल, अशी समजूत करून घेऊन घरोघर गरम तेलाचे थेंब सोडले जातात. आणि पडदा फाटलेले तेच मूल पुढे शाळेत ‘मठ्ठ’ ठरते. ऐकू न येणे व न समजणे ह्यांतला भेद शिक्षकाच्याही ध्यानात येत नाही. बालवयातील सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगे असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग ते टळत का नाही?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बधिरता-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली २५ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाला व पुढे विस्तारला. परंतु तज्ज्ञ बसतो जिल्ह्याच्या गावी आणि वाहणारा कान असतो वाडीवस्तीवर. मजुरी बुडवून तेथवर जाणे कान ठणकल्याशिवाय होत नाही. आणि जुनाट वाहता कान बहुधा ठणकत नाही, हीच त्यातली मेख आहे.

हे अंतर खास शिक्षण घेतलेली परिचारिकाच भरून काढू शकेल. दुर्बिणीतून पडदा पाहणे, कापसाच्या वातीने कान कोरडा करणे व आईला ते शिकविणे, मळ मऊ करून काढणे, ह्या कामांसाठी शल्यविशारदाची वाट पाहण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये परिचारिका ती वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

अर्धवट ज्ञानाने अपाय होईल, हा आक्षेप क्षुल्लक नाही. पडद्याला छिद्र असताना पिचकारीने पाणी मारणे धोक्याचेच. म्हणूनच तर शिक्षण हवे. कानामागे सूज, भोवळ किंवा तोंड वाकडे होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास तत्काळ तज्ज्ञाकडे धाडणे, हा त्यातला पहिला धडा असावा. आज हे काम केसांची पिन, आगकाडी व रस्त्यावरचा कान कोरणारा करीतच आहेत. त्यांना मात्र कोणी हरकत घेत नाही!

२०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. कानाची प्राथमिक सेवा त्यांच्या कामांत समाविष्ट आहे. पण रक्तदाब व मधुमेहाच्या गर्दीत कानाची पाळी यावी कधी? तालुक्याला निदान एक कर्णपरिचारिका, तिच्या हाती दुर्बीण व औषधे, शाळांची ठरलेली फेरी आणि रुग्णास थेट तज्ज्ञाकडे पाठविण्याचा अधिकार, एवढीच आमची मागणी आहे. शाळेची वर्षे निघून गेल्यावर मिळालेले श्रवणयंत्र ती वर्षे परत आणीत नाही.