स्वराज्य आले, आता सबब कोणती?

गेल्या पावसाळ्यात एका व्याख्यानमालेत एका व्यासंगी गृहस्थांचे स्वातंत्र्य आणि श्रद्धा या विषयावरील विवेचन ऐकावयास मिळाले, आणि तेव्हापासून मनात जी अस्वस्थता घर करून राहिली आहे, ती कागदावर उतरविल्यावाचून जावयाची नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: देशभक्ती ही राष्ट्राची बाब, श्रद्धा ही अंतःकरणाची, देवळाच्या उंबरठ्याशी सरकारचा अंमल संपला पाहिजे, राष्ट्र स्वतंत्र झाले म्हणजे त्याच्या चालीरीतीही स्वतंत्र झाल्या, जुन्या जखमा उकरणे म्हणजे ऐक्याला सुरुंग लावणे, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरास केलेले उपोषण, हेतू कितीही शुद्ध असला तरी, भाविकांच्या मनावर आणलेले दडपण होते. सभागृहात टाळ्या झाल्या. भाषणापेक्षा त्या टाळ्यांचे मला अधिक वाईट वाटले.

ऐक्याविषयी एवढेच म्हणतो, की ज्याला दाराबाहेर ठेवले त्याच्याशी आपले ऐक्य आहे की नाही हे दाराच्या आत बसलेल्यांनीच ठरवावे, हा न्याय कोणत्याही पंचांपुढे टिकणार नाही.

खरा आक्षेप आहे तो धर्मात कायदा नको, हा. आणि तो मी आज प्रथम ऐकत नाही. त्याची वंशावळ मोठी आहे. १८२९ साली सतीची चाल बेकायदा ठरली तेव्हा आमच्याच धर्माभिमान्यांनी विलायतेपर्यंत अर्ज नेले, आणि १८३२ साली ते फेटाळले गेले. पुढे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणीच्या जाहीरनाम्याने रयतेच्या धर्मात सरकार हात घालणार नाही असे अभिवचन दिले. ज्या तत्त्वाला हे गृहस्थ आपल्या प्राचीन परंपरेचे सार म्हणून गौरवितात, त्याला राज्यधोरणाची मोहोर अशी एका परक्या सत्तेच्या दफ्तरात, बंडाने हादरलेल्या राज्याच्या सोयीसाठी उमटली आहे. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला. दहा आणि बारा! बंगालमध्ये तेवढ्याच वयाची एक मुलगी नवऱ्याच्या घरी प्राणाला मुकली होती, तरी आमच्या पुण्यात त्या दोन वर्षांवरून रण माजले. त्या वेळी विरोध करणाऱ्यांतील विचारी माणसांची एक बाजू होती, आणि ती मी आजही आदराने ऐकून घेतो. ते म्हणत, सुधारणा हवी आहे, परंतु ती परक्या सरकारच्या हातून नको. आमचे घर आमच्या ताब्यात येऊ द्या, मग केरसुणी आम्हीच हाती घेऊ. पुढे १८९५ साली त्याच शहरात, राजकीय सभेच्या मंडपात सामाजिक सुधारणेच्या परिषदेला जागा मिळू नये म्हणून जो वाद पेटला, त्यातही मुद्दा हाच होता, की आधी राज्य, मग घर. परिषदेला दुसरीकडे जावे लागले.

त्या पिढीने स्वराज्यासाठी तुरुंग भोगले, म्हणून तिच्या मुदतीच्या मागणीला वजन होते. पण मुदत मागणारा ऋणको मुदत सरल्यावर काय करतो, त्यावरून त्याची नियत कळते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी घर आमच्या ताब्यात आले. त्याच साली मुंबई इलाख्यात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ज्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले, त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवालये सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही राज्याला दिला. हे करणारे सरकार आपले, सभासद आपण निवडलेले, कायदा आपल्या हातचा. परकेपणाची सबब संपली. आणि नेमक्या त्याच क्षणी आमचे विद्वान म्हणू लागले, की परक्याचे राहोच, कोणत्याच सरकारने हे करावयाचे नाही! साठ वर्षे जी गोष्ट ‘स्वराज्य आल्यावर’ करावयाची होती, ती स्वराज्य आल्यावर ‘कधीच’ करावयाची नाही असे ठरले. आजोबांच्या सबबीतला प्रामाणिकपणा नातवाने असा गमावला, याचे मला दुःख होते, कारण त्या आजोबांविषयी मला प्रेम आहे.

चालीरीतीही स्वतंत्र झाल्या, या विधानाला तर अर्थच नाही. स्वतंत्र होतात ती माणसे.

आता दडपणाविषयी. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी मिठासाठी दांडीची यात्रा निघाली. मिठाच्या सत्याग्रहाचा गौरव आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. दुसऱ्यापुढे देवळाची दारे लावून घेतली गेली आणि पुढे वर्षानुवर्षे ती उघडली नाहीत. दडपण कोणी कोणावर आणले होते? पंढरपुरास महाद्वारापुढे, नामदेवांच्या पायरीजवळ, महार जातीतल्या संत चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली १३३८ साली त्यांचा अंत झाला असे मानतात. ज्यांचे अभंग आत गाइले जात होते, त्यांच्या जातीची माणसे सहाशे वर्षे त्या समाधीपाशी उभी राहून कळसाला हात जोडीत होती, आणि या सहाशे वर्षांत कोणाही व्याख्यात्याला दडपण हा शब्द आठवला नाही. साने गुरुजींनी उपोषणापूर्वी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळविली, १ मे १९४७ रोजी अन्न वर्ज्य केले आणि दहा दिवसांनी उपोषण सोडले. त्यात झीज झाली ती त्यांच्याच देहाची. स्वातंत्र्य उंबरठ्यावर येऊन उभे असताना विठोबाचा उंबरठा बंद असावा, हे त्यांना सहन झाले नाही. मला तरी या अस्वस्थतेत देशभक्ती आणि श्रद्धा यांची सीमारेषा दाखविता येत नाही.

माझे स्वतःचे मंडन फार लांबलचक नाही. वडिलार्जित मिळकत ज्याच्या नावावर चढते, तिच्यावरील बोजाही त्याच्याच नावावर चढतो. परवशतेत पापाचा वाटा राज्यकर्त्यांच्या पदरात टाकता येत होता. आता तसा वाटेकरी उरलेला नाही. म्हणून स्वतंत्र माणसाच्या देशप्रेमाला अभिमानाइतकीच लाजही वाटली पाहिजे, आणि ही लाज पेलण्याचे बळ श्रद्धा देऊ शकते, कारण आपण चुकलो असे गुडघे टेकून म्हणण्याची सवय तिलाच आहे. जी श्रद्धा हे म्हणावयास कचरते, ती वहिवाटीचा हक्क सांभाळीत बसलेली असते.

त्या गृहस्थांचे एक वाक्य मात्र मला खोडून काढता येत नाही. कायद्याने मन पालटत नाही, असे ते म्हणाले. ते खरे आहे. मी ते माझ्या घरी पाहिले आहे. आमच्याकडे आषाढीची वारी पिढ्यान् पिढ्या होती. आजी पंढरपुराहून परतली, की वेशीशी थांबलेल्या महारवाड्यातल्या एका म्हाताऱ्याला बुक्का देई. तो ओंजळ पुढे करी आणि ती हातभर उंचीवरून चिमूट सोडी, वारा असेल तर अर्धा बुक्का मातीत जाई. देऊळ खुले झाले, घटना आली, तरी तिचा हात त्या उंचीवरून खाली आला नाही. ती दुष्ट नव्हती. तिच्याइतक्या कळवळ्याने हरिपाठ म्हणणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. तो म्हातारा मात्र देऊळ खुले झाल्यानंतरच्या एका कार्तिकीला लेकाचा हात धरून पंढरपुरास गेला, आणि विठोबाच्या पायांवर डोके ठेवून स्वतःचा बुक्का स्वतः घेऊन आला. आजीचे मन पालटेपर्यंत त्याने आणखी किती वर्षे वेशीशी ओंजळ धरून उभे राहावयाचे होते, एवढे मला त्या व्यासंगी गृहस्थांनी सांगावे.