त्वचेचा धडा बोटांनी शिकवायला हवा

प्राथमिक शाळेत ज्ञानेंद्रियांचा धडा सुरू झाला की डोळे आणि कान यांच्या वाट्याला बराच वेळ येतो. नाक आणि जिभेचीही सोय होते. शेवटी उरते ती त्वचा. ‘त्वचेमुळे स्पर्श समजतो’ हे वाक्य फळ्यावर येते, मुले ते वहीत उतरवतात, ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये त्याला एक गुण मिळतो आणि विषय संपतो. शरीरातल्या सर्वांत मोठ्या अवयवाची अशी एका गुणात बोळवण करणे आता थांबायला हवे. धडा रंजक व्हावा एवढेच त्यामागचे कारण नाही. महाराष्ट्रात तरी या धड्याचा संबंध थेट मुलांच्या हातापायांशी आहे.

प्रौढ माणसाची त्वचा पसरून ठेवली तर ती दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे साधारण एका चटईएवढी भरेल. बाहेरचा थर झिजत राहतो आणि काही आठवड्यांत नवा होतो. त्याखालच्या थरात घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे, रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंची टोके असतात. ही टोके एकाच प्रकारची नसतात. काहींना हलका स्पर्श कळतो, काहींना दाब, काहींना कंप, काहींना ताण. उष्णता, गारवा आणि वेदना यांच्यासाठी आणखी वेगळी. ‘स्पर्श’ हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात अशा अनेक संवेदना आहेत.

हे सांगून कळत नाही, करून कळते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन बोथट काड्या घ्याव्यात. डोळे मिटलेल्या मित्राच्या बोटाच्या टोकावर त्या एकाच वेळी टेकवाव्यात. काड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी तो ‘दोन’ असे बरोबर सांगतो. त्याच काड्या पाठीवर टेकवल्या, तर तीन-चार सेंटिमीटर अंतर असूनही ‘एकच आहे’ असे उत्तर येऊ शकते. कारण बोटांच्या टोकांवर स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंची दाटी आहे, पाठीवर ती विरळ आहे. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशीच मोजमापे केली होती. अंध व्यक्ती ब्रेल वाचताना बोटांची टोकेच का वापरतात, याचे उत्तर मुलांना या दोन काड्यांतून आपोआप मिळते.

दुसरा प्रयोग तीन भांड्यांचा. एकात गार पाणी, एकात सोसवेल इतके गरम, मधल्यात कोमट. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवायचे. एक हात सांगतो पाणी गरम आहे, दुसरा सांगतो गार आहे. त्वचा थर्मामीटरसारखा आकडा सांगत नाही, झालेला बदल सांगते, हे दहा वर्षांच्या मुलालाही त्या क्षणी समजते.

तिसरे उदाहरण तर घरातलेच आहे. ठेचा केल्यावर हातांची ‘आग’ होते. हात तापलेले नसतात, तरी मराठीत शब्द आगीचाच येतो, आणि तो शास्त्राला धरून आहे. मिरचीतले कॅप्सेसिन हे रसायन चेतातंतूंवरच्या ज्या प्रथिनाला चेतवते, तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची, भाजणारी उष्णता ओळखते. मेंदूपर्यंत एकच निरोप पोहोचतो : भाजते आहे. हे प्रथिन शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाब ओळखणारी प्रथिने शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पाट्यावरच्या मिरचीपासून नोबेलपर्यंतचा रस्ता एका तासिकेत दाखवता येतो.

मात्र स्पर्श कसा कळतो, एवढ्यावर हा धडा थांबता कामा नये. स्पर्श न कळणे म्हणजे काय, हेही मुलांना सांगायला हवे. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेवर आणि त्वचेकडे येणाऱ्या चेतातंतूंवर हल्ला करतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. अनेकदा त्या जागी स्पर्शही नीट कळत नाही. दुखत नाही म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पुढे हातापायांचे चेतातंतू बधिर होत गेले की गरम भांडे धरल्याचे कळत नाही, काटा रुतलेला जाणवत नाही, जखमा चिघळतात. या रोगाने बोटे आपोआप ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी बोटांची हानी होते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हे मुलांना पटवून द्यायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

कुष्ठरोग इतिहासजमा झाला, असे अनेकांना वाटते. २००५च्या अखेरीस देशातले प्रमाण दर दहा हजार लोकांमागे एक रुग्णाच्या खाली आले आणि ‘निर्मूलना’ची घोषणा झाली, तेव्हापासून हा समज पसरला. प्रत्यक्षात आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. वर्षाला सुमारे एक लाख. चंद्रपूर, गडचिरोली, पालघर या जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडतच आहेत आणि त्यांत मुलेही असतात. लहान मुलात हा रोग सापडणे म्हणजे त्याच्या आसपास उपचार न घेतलेला रुग्ण असण्याची दाट शक्यता. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि तो सहा महिने किंवा वर्षभर घ्यावा लागतो. वेळेत सुरू केला तर व्यंग टळते. अडचण औषधाची नाही, चट्टा वेळेवर ओळखण्याची आहे.

कुष्ठरोग शोधमोहिमेत आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक घरोघर फिरतात, पण कपड्यांआडचा चट्टा त्यांना कसा दिसणार? तो सर्वांत आधी दिसू शकतो त्या मुलाला किंवा त्याला अंघोळ घालणाऱ्या आईला. चट्ट्याची प्राथमिक पारख अवघड नाही. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर आणि शेजारच्या त्वचेवर पेनाच्या टोकाने हलकेच टेकायचे आणि ‘कुठे लागले, बोट ठेव’ असे सांगायचे. दोन काड्यांचा प्रयोग केलेल्या मुलाला ही परीक्षा नवी वाटणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. असे शिकवले तर मुले एकमेकांच्या अंगावरचे डाग शोधत बसतील, एखाद्याला चिडवतील. कोड असलेल्या मुलांना आजही किती सोसावे लागते, हे शिक्षकांना ठाऊक असते. म्हणूनच धड्यात तीन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. मुलांच्या चेहऱ्यावरचे बहुतेक पांढुरके डाग कुष्ठरोगाचे नसतात, आणि कोड हा संसर्गजन्य नाही. कोडाच्या डागात स्पर्शही नीट कळतो. कुष्ठरोग हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही, बहुतेकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असते, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होत नाही. आणि चट्टा दिसला तर वर्गात बोलायचे नाही. घरी सांगायचे आणि आरोग्य केंद्रात दाखवायचे. ही माहिती दिली नाही म्हणून चिडवणे थांबलेले नाही. दिली तर निदान भीती कमी होईल.

महाराष्ट्राला या विषयाची मोठी परंपरा आहे. सेवाग्रामला महात्मा गांधींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या. मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी आनंदवनात ज्यांना कोणी शिवत नव्हते अशा माणसांना जवळ केले. दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, ‘स्पर्श’ नावाने कुष्ठरोग जनजागृती अभियान सुरू होते. शाळांत प्रतिज्ञाही वाचली जाते. प्रतिज्ञा वाचणाऱ्या मुलांना तिचा अर्थ कळायचा असेल, तर त्याआधी त्यांच्या बोटांना स्पर्श म्हणजे काय ते कळायला हवे.

त्यासाठी पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. दोन काड्या, तीन भांडी आणि एक पेन एवढे साहित्य कोणत्याही शाळेत असते. जानेवारीच्या अखेरीस प्रत्येक चौथी-पाचवीच्या वर्गाने एक तासिका त्यासाठी द्यावी, आणि जमेल तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याला त्या तासिकेला बोलवावे. त्यातून एखाद्या मुलाने घरी जाऊन ‘आई, इथे मला कळतच नाही’ एवढे वेळेवर सांगितले, तरी त्याचा हात वाचेल.