आहुपे पाहावं, विकत घेऊ नये

मंडळी, हल्ली मंचर-नारायणगावच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा फलक दिसतात. 'सह्याद्रीच्या कुशीत', 'निसर्गाच्या सान्निध्यात', 'आजच बुकिंग करा'... निसर्ग म्हणजे जणू बाजारातली मेथीची जुडी, संध्याकाळपर्यंत संपून जाईल! २०१८ मध्ये शेजारचा जुन्नर राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, तेव्हापासून ही हवा आंबेगावाकडेही जोरात वाहते आहे. मुंबई-पुण्याची मंडळी फोनवर हमखास विचारतात, "फारसं कुणाला ठाऊक नसलेलं एखादं गाव सांगा ना. सुट्टीत जायलाही बरं, आणि चार गुंठे घेऊन ठेवायलाही."

पहिल्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मी आनंदाने देतो. दुसऱ्याचं उत्तर नकारार्थी आहे, आणि तो नकार का, हे जरा सविस्तर सांगायचं आहे.

गाव सांगतो : आहुपे. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे, आणि मग जलाशयाच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जात राहायचं. रस्ता जिथे संपतो तिथे आहुपे, आणि त्यापुढे सरळ कोकण. गावाच्या कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडचा मुलूख पसरलेला दिसतो. गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड अंगावर येतात. इथून आहुपे घाटाची जुनी पायवाट खोपिवलीला उतरते. मी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला. घाटमाथा, नदीचा उगम, पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळे शब्द एकाच तालुक्यात पायी फिरून समजतात, तो हा तालुका! घोड नदी या डोंगरात जन्मते. इथे भाताची खाचरं तुडुंब भरतात, आणि त्याच दिवशी मंचरच्या पूर्वेला शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो.

आहुप्याची खरी श्रीमंती म्हणजे तिथली देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान. त्यातली फांदी तोडायची नाही, असा दंडक. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्या जगासमोर आणल्या. पण त्या राखल्या कुणी? इथल्या महादेव कोळी माणसांनी, कुठल्याही फलकाशिवाय. झाडांवर शेकरू दिसतं. याच शेकरूसाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. गावकऱ्यांचं पोट भात, नाचणी, वरई आणि हिरड्यावर चालतं. हिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा इथला हक्काचा रोख पैसा.

आता 'चार गुंठ्यां'कडे वळू.

या पट्ट्याने जमीन देण्याचं काम एकदा करून झालेलं आहे. डिंभे धरण झालं आणि घोडेच्या खोऱ्यातली भाताची उत्तम जमीन पाण्याखाली गेली. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगावही बुडालं. तालुक्याचं नाव आंबेगाव आणि कचेरी घोडेगावात! पाणी कालव्यांनी पूर्वेला गेलं, तिकडे ऊस उभा राहिला. वरच्या वाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे पुस्तकातून शिकवावी लागत नाही. जमीन बुडालेल्यांनी वर सरकून उतारावर पडकई करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून बांध घालून, नवी खाचरं काढली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने त्या कामाला बळ दिलं. आज आपण 'स्वस्तात मिळेल का' म्हणून विचारतो ती ही जमीन.

दुसरी गोष्ट माळीणची. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच पट्ट्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर बातमी कळली. अतिवृष्टी हे कारण होतंच. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. पुढे २०२१ मध्ये महाडजवळ तळीये आणि २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. या डोंगरांची माती पावसात किती पाणी धरते आणि कधी सुटते, याची ही तीन उत्तरं आहेत. अशा उतारावर रस्ता काढायला, प्लॉट सपाट करायला आणि पोहण्याचा तलाव खणायला जेसीबी चढवायचा, याला गुंतवणूक म्हणावं का? आणि दरड बंगल्याच्या मालकाला शोधत पुण्याला येत नाही. ती खालच्या वाडीवर जाते.

तिसरी गोष्ट कायद्याची. ज्यांना भावना पटत नाहीत त्यांनी निदान ही वाचावी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. त्यात आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ आडवं येतं. सरकारच्या परवानगीवाचून ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे आणि जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. "साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, इथल्याच एकाच्या नावावर ठेवू" असं सांगणारे दलाल भेटतात. त्यांना एवढंच विचारा, "सातबाऱ्यावर माझं नाव येईल का?" बेनामी व्यवहारांविरुद्धचा कायदा २०१६ पासून चांगलाच कडक झाला आहे. पैसे तुमचे, नाव दुसऱ्याचं आणि जमीन शेवटी कुणाचीच नाही, असा हा धंदा आहे.

यावर एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. इथल्या तरुणाला शिक्षणासाठी, आजारपणासाठी पैसा लागतो. मग त्याला जमीन विकायची बंदी का? शहरातल्या माणसाने फ्लॅट विकला तर कुणी अडवत नाही. प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारला होता. तो याच खोऱ्यातला, आता पन्नाशीचा. तो म्हणाला, "गुरुजी, पैसा दोन वर्षांत संपतो. मग आमचीच पोरं आमच्याच वावरात वॉचमन म्हणून उभी राहतात." मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही. गरज पैशाची असेल तर पैसा येण्याच्या वाटा वाढवायला हव्यात. जमीन हीच एकमेव वाट उरली, तर ती अडचण विकणाऱ्याची आणि लाज आपली.

तेव्हा आहुप्याला जरूर जा. पावसाळ्यानंतर, भात पिवळं पडायला लागतं तेव्हा जा. कड्याच्या टोकावर फोटोसाठी धडपडू नका. कोकणकडा कुणाची ओळख ठेवत नाही. आधी निरोप देऊन गावातल्या घरी जेवा, मुक्काम करा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. वाटाड्या गावातलाच घ्या. देवराईत चप्पल काढा, आवाज काढू नका. येताना तांदूळ, नाचणी, हिरडा विकत आणा. मुलांना बरोबर न्या आणि नदी कुठे सुरू होते ते दाखवा.

गुंतवणूकच करायची असेल तर ही करा. दरवर्षी जात राहा, त्याच घरी उतरा, त्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवा. याचा सातबारा निघत नाही, पण पुढच्या खेपेला घरचं माणूस म्हणून चहा पुढे येतो.

असो. पटलं तर बघा.