बंड्याची किंमत किती लिहू?

समजा, एका माणसाने कुत्र्याला आवडेल असा खाऊ खिशात ठेवला आणि वासाने शेजाऱ्याचा कुत्रा त्याच्या मागे चालू लागला. कुत्रा अजून गल्लीतच आहे, त्याच्या अंगाला कोणी हातही लावलेला नाही. तरी चोरी पूर्ण झाली. हे मी रचलेलं उदाहरण नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या समजावताना ते दिलेलं आहे. हेतू अप्रामाणिक असेल, तर कुत्रा मागे चालू लागला त्याच क्षणी गुन्हा घडला, असं ते सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३०३ खाली ते कायम आहे. कुत्रा पळवणं ही चोरीच, याबद्दल आपल्या कायद्याला कधीच शंका नव्हती.

अडतं ते तक्रार लिहून घेताना.

आमच्या शेजारच्या काकांचा बंड्या गावठी. भाजी मंडईच्या मागे पिल्लू असताना सापडलेला. नसबंदी झाली तेव्हा खुणेसाठी डाव्या कानाचा छोटा तुकडा कापलेला. सकाळी काका दुधाला निघाले की स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागेत तो आधी जाऊन बसायचा. एका संध्याकाळी तो फाटकाबाहेर गेला तो परतलाच नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने पाहिलं होतं. टेम्पोतून दोघं उतरले, पाव टाकला, बंड्या जवळ आला तशी गळ्यात दोरी अडकवून त्याला मागे टाकलं आणि गेले. काकांबरोबर मीही पोलीस ठाण्यात गेलो.

“कुठली जात आहे काका?”

“गावठी आहे, साहेब.”

“केवढ्याला घेतला होता?”

“विकत नाही हो घेतला. सापडला होता.”

अंमलदाराचं पेन थांबलं. “मग किंमत किती लिहू?”

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून बंड्याचं लसीकरणाचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. अंमलदार भला माणूस होता, काकांना पाणी दिलं, चहा मागवला. पण नोंदवली ती एनसीच, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.

त्यात त्या अंमलदाराचा दोष नाही. नव्या कायद्यात चोरीच्या मालाची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. एखाद्याची सायकल किंवा जुना मोबाइल गेला, तर ही तडजोड मी समजू शकतो. पण विकत घेतलेला लॅब्रेडोर गेला तर पोलीस लगेच तपासाला लागणार आणि मंडईतून उचलून आणलेला बंड्या गेला तर कागद फायलीत जाणार, हे मला अजिबात मान्य नाही. ज्या घरातून कुत्रा जातो त्या घरात जात पाहून रडू कमी-जास्त होत नाही.

आणि किमतीची ही पट्टी काढून टाकता येते, हे याच संहितेने दाखवून दिलं आहे. पूर्वी जनावराला मारण्याच्या किंवा विष घालण्याच्या गुन्ह्यात कलम ४२८ ला १० रुपयांची आणि ४२९ ला ५० रुपयांची अट होती. नव्या कलम ३२५ मध्ये ती गेली. आता कोणत्याही प्राण्याला मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग तो प्राणी दोन लाखांचा असो की रस्त्यावरचा. बंड्याला मारणाऱ्यासाठी त्याची किंमत विचारायची नाही आणि पळवणाऱ्यासाठी विचारायची, यात तर्क कुठला?

ब्रिटनमध्येही कुत्रा कायद्याने मालमत्ताच होता. १९६८ च्या चोरीच्या कायद्याखाली खटले चालायचे. करोनाच्या टाळेबंदीत पिल्लांची मागणी आणि भाव चढले, चोऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारने २०२१ मध्ये खास कृती गट नेमला. त्यातून पुढे २०२४ चा ‘पेट ॲबडक्शन ॲक्ट’ आला. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये आता कुत्रा किंवा मांजर पळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाळीव प्राणी म्हणजे घरातली वस्तू नव्हे, हे तिथल्या संसदेने कायद्यात लिहून ठेवलं. आपल्या संसदेलाही ते अवघड नाही.

बंड्या सापडला तो आमच्या दूधवाल्यामुळे. शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवर त्याला साखळीला बांधलेला कुत्रा दिसला आणि कान ओळखीचा वाटला. राखणीला गावठी कुत्रा काटक आणि सावध, म्हणून त्यालाही गिऱ्हाईक असतं. आम्ही पोहोचलो तर तिथला राखणदार म्हणाला, “मोकाट होता, कान कापलेला आहे बघा, म्हणजे महापालिकेचा.” त्याने टेम्पोवाल्यांना पैसे मोजले होते. पुस्तकातला फोटो पाहूनही तो मानेना. शेवटी काकांनी स्कूटर चालू केली. बंड्याने साखळी ताणून असा काही आकांत मांडला की राखणदारानेच कडी काढली. बंड्या धावत जाऊन स्कूटरवर आपल्या जागी बसला आणि काकांच्या गुडघ्यावर त्याने डोकं टेकलं. पुढे वाद झाला नाही.

प्रत्येकाच्या वाट्याला असा पुरावा येत नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला, आताच्या नर्मदापुरमला, एकाच लॅब्रेडोरवर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याला कोको म्हणे, दुसरा टायगर. पोलिसांनी अखेर कुत्र्याची डीएनए चाचणी करून घेतली. चाचणी होणं चांगलंच, पण मालकाने वेळीच चिप बसवून घेतली असेल, तर इतक्या लांब जावं लागत नाही.

तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्यक सुईने खांद्यांमधल्या कातडीखाली बसवतात. तिच्यात १५ आकडी नंबर असतो, तो रीडर फिरवल्यावर दिसतो. चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, कोणाचा आहे ते सांगते, आणि तेही त्या नंबरापुढे तुमचा आजचा फोन नंबर नोंदलेला असेल तरच. महापालिकेचा परवाना, लसीकरणाचं पुस्तक, चारही बाजूंनी काढलेले फोटो, नसबंदीची पावती, सगळं एका जागी ठेवा. कुत्रा हरवलाच, तर फलकावर आणि समाजमाध्यमांवर सगळ्या खुणा लिहू नका. एक खूण स्वतःपाशी राखा, म्हणजे “कुत्रा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा” असा फोन आला की खरं-खोटं ताडता येतं. ठाण्यात किंमत विचारली तर ‘शून्य’ म्हणू नका. गावठी कुत्र्याची किंमत कशी धरायची, हे कलमात कुठेही लिहिलेलं नाही. उपचारांच्या, लसींच्या पावत्या जोडा आणि एफआयआरचा आग्रह धरा. तरीही एनसीच झाली, तर तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते नंतर एका वकील मैत्रिणीकडून कळलं.

आपल्या खासदारांना माझी विनंती आहे की ५ हजारांची ही अट निदान पाळीव प्राण्यांपुरती काढून टाकावी. आणि वाचकांनो, चोरलेला कुत्रा शेवटी कोणीतरी विकत घेतो म्हणूनच चोरला जातो. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि विकायच्या कुत्र्याला चिप लागते. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा नोंदणी क्रमांक, चिपचा नंबर आणि पावती मागा. मोठा कुत्रा कोणी स्वस्तात देऊ केला, तर आधी पशुवैद्यकाकडे नेऊन त्याच्यावर रीडर फिरवून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल, तर तो कुत्रा घेऊ नका आणि विकणाऱ्याची माहिती त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात द्या.