पासपोर्टवरचे नाव



गेल्या महिन्यात जळोचीच्या बाजारातील एक परिचित अडते सकाळीच घरी आले. हातात पासपोर्ट आणि चेहऱ्यावर वैताग. डाळिंबाच्या व्यवहारासाठी त्यांना दुबईला जायचे होते. तिकीट काढून देणाऱ्याने पासपोर्ट उघडून पाहिला आणि यावर व्हिसा मिळणे अवघड आहे, असे सांगून परत केला. पासपोर्ट खरा होता, मुदतही शिल्लक होती. फक्त आडनावाचा रकाना कोरा होता. त्यांचे वडील नुसत्या नावावर पेढी चालवत, दुकानाच्या पाटीवरही तेवढेच नाव होते. मुलानेही अर्जात तेवढेच लिहिले. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पर्यटन आणि भेटीच्या व्हिसासाठी एकच शब्द असलेले नाव स्वीकारणे थांबविले. पुढे, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा झाला. तरीही काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा नाव दुरुस्त केलेले बरे, असे मी त्यांना सुचविले.

ते गेल्यावर मनात वालचंद शेठजींचा विचार आला. शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंदांचे आडनाव दोशी होते, हे आज पुष्कळांना सांगावे लागते. सोलापूरच्या आपल्या समाजातील या उद्योजकाला सारा देश स्वतःच्या आणि वडिलांच्या नावानेच ओळखत असे. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. भारतात पासपोर्टचा कायदा आला तो त्यानंतर, १९२० मध्ये. आज शेठजी अर्ज भरायला बसले असते, तर ‘हिराचंद’ आडनावाच्या रकान्यात लिहावे की नावाच्या, असा प्रश्न त्यांनाही पडला असता.

माणसाला ओळखण्याची समाजाची रीत निराळी आणि यंत्राची निराळी. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचायच्या असतात. पहिल्या ओळीतील चव्वेचाळीस जागांपैकी पाच जागा दस्तऐवजाच्या आणि देशाच्या खुणेत जातात. उरलेल्या एकोणचाळीस जागांत आडनाव, नाव आणि मधली चिन्हे बसवायची. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम शासनाने ठरविला आहे. हा निर्णय मला मनापासून आवडला. मात्र नातवंडांची लांबलचक नावे ठेवणाऱ्या आजोबांनी रोमन अक्षरे एकदा मोजून पाहावीत. आपल्या शहा मंडळींची आणखी एक गंमत आहे. एकाच घरात थोरला भाऊ आडनाव रोमन लिपीत चार अक्षरांत लिहितो, धाकटा शेवटी एक ‘ए’ जादा जोडतो. भागीदारीचा करार, पॅन आणि पासपोर्ट एकत्र ठेवले की सख्खे भाऊ कागदावर परके ठरतात.

पुरुषांची अडचण एखाद्या अक्षराने होते. स्त्रियांचे मात्र अख्खे नावच बदललेले असते.

माझा विवाह १९८३ साली झाला. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यावर नवे नाव लिहिले, पेढे वाटले. माहेरचे तीन अक्षरी नाव गेले आणि सासरचे चार अक्षरी आले. नाव आईने निवडले होते, लिहिले मी. जिचे नाव बदलले, तिला कोणी विचारले नाही. विचारायचे असते हेच त्या काळी कोणाच्या ध्यानात नव्हते. विवाहाची नोंदणीही केली नाही, कारण लग्नपत्रिका होती, छायाचित्रे होती आणि सारा गाव साक्षीला होता.

२०१४ साली कन्येचे पहिले बाळंतपण परदेशात व्हायचे होते. आईने यावे, अशी तिची इच्छा होती. अर्ज भरला आणि तेव्हा उमगले, की आमच्या घरात एका स्त्रीची दोन नावे आहेत आणि त्यांना जोडणारा एकही कागद नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि माहेरचे आडनाव. शिधापत्रिका, बँकेचे खाते आणि मतदार ओळखपत्रावर सासरचे. जन्मतारीख एका नावाने सिद्ध होत होती आणि पत्ता दुसऱ्या. मग एकतीस वर्षांनी विवाहनोंदणी, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांत जाहिरात, राजपत्रात प्रसिद्धी. कोणी अडवणूक केली नाही, पण प्रत्येक पायरीला दिवस लागले. पासपोर्ट हाती आला तेव्हा नात अडीच महिन्यांची झाली होती. दूरध्वनीवर कन्या एवढेच म्हणाली, “आई, आता सावकाश या.” सौभाग्यवतींनी तो फोन ठेवला आणि मला विचारले, “मी एक बाई आहे की दोन?”

मी निरुत्तर झालो, याला आणखी एक कारण होते. बँकेत असताना हाच प्रश्न मी कितीतरी स्त्रियांसमोर, जरा सभ्य भाषेत, टाकला होता. एकदा एक विधवा भगिनी पतीच्या मुदत ठेवीसाठी आल्या. ठेव लग्नानंतर लगेच ठेवलेली, नॉमिनी म्हणून त्यांचे माहेरचे नाव. बाकी सर्व कागद सासरच्या नावाचे. मी त्यांना तीन वेळा परत पाठविले. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते, आणि तिसऱ्या वेळी कोणता कागद आणायचा हे पहिल्याच वेळी लिहून द्यायला मला पाच मिनिटेही लागली नसती, हेही तितकेच खरे. त्या एसटीने येत असत.

आता प्रत्यक्ष कामाचे. पासपोर्टवरील नावात खाडाखोड होत नाही किंवा पान बदलून मिळत नाही. पासपोर्टचे पुन्हा वितरण होते, म्हणजे नवी पुस्तिका आणि नवा क्रमांक. छत्तीस पानी पुस्तिकेचे साधे शुल्क दीड हजार रुपये आहे, तत्काळसाठी दोन हजार जादा. जुन्या पुस्तिकेत एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल, तर नाव बदलण्यापूर्वी त्या दूतावासाकडे विचारणा करावी, कारण व्हिसा जुन्या नावाचा असतो. नाव पूर्ण बदलायचे असेल, तर आधी राजपत्र, नंतर पॅन, आधार, बँक आणि शेवटी पासपोर्ट, असा क्रम मी सुचवितो. उलट्या क्रमाने जाणाऱ्यांना दोनदा फिरावे लागते.

लग्नानंतर पत्नीने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सैल केले, तेव्हा विवाहित अर्जदारांवरील विवाह प्रमाणपत्राची सक्ती काढली आणि घटस्फोटितांना जोडीदाराचे नाव देण्याचे बंधन उरले नाही. माहेरचे नाव कायम ठेवून जोडीदाराच्या रकान्यात पतीचे नाव देता येते. ज्या भगिनींना सासरचे आडनाव हवे आहे, त्यांनी विवाहनोंदणी केलेली असली की काम सोपे होते. म्हणून लग्नाच्या याद्यांत केटररच्या आधी विवाहनोंदणी लिहा, असे मी प्रत्येक यजमानाला सांगतो. लोक हसतात.

त्याच वर्षीच्या घोषणेत आणखी एक तरतूद होती, ती आपल्या वाचकांना रुचेल. साधू-संन्याशांना अर्जात जन्मदात्यांऐवजी गुरूंचे नाव देण्याची मुभा मिळाली; अट एवढीच, की एखाद्या सरकारी कागदावर तशी नोंद हवी. आपले साधू-साध्वी पायी विहार करतात, त्यांना पासपोर्टचे काय काम, असे वाटेल. परंतु आचार्य तुलसींनी १९८० साली सुरू केलेल्या समण श्रेणीतील समण-समणी धर्मप्रसारासाठी परदेशी जातात. दीक्षेनंतर माणसाचे नाव बदलते, ते त्याने स्वतः निवडलेल्या मार्गावर पाऊल टाकताना. आमच्या घरातील ताटात तसे काही नव्हते.

गेल्या वर्षी धाकट्या चिरंजीवांचा विवाह झाला. सूनबाई सनदी लेखापाल आहेत. त्यांची पदवी, सभासदत्व, पॅन आणि पासपोर्ट सारे एकाच नावाने. माझ्या थोरल्या वहिनींनी रीतीप्रमाणे तांदळाचे ताट आणून ठेवले आणि नवे नाव काय ठरले, असे विचारले. क्षणभर सर्व गप्प. मग सौभाग्यवती पुढे झाल्या. त्यांनी अंगठी चिरंजीवांच्या हातून घेऊन सूनबाईंच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “तुझे तूच लिही.” सूनबाईंनी स्वतःचे जन्मनाव लिहिले. वहिनी थोड्या नाराज झाल्या, पण पेढे ठरल्याप्रमाणेच वाटले गेले.

रात्री पाहुणे पांगल्यावर सौभाग्यवतींनी ते ताट आत नेले. तांदूळ डब्यात ओतण्यापूर्वी त्यांनी बोटाने त्यावर काहीतरी लिहिले आणि पुसले. अक्षरे तीन होती, एवढे मी पाहिले.