ताटाचीही नोंद हवी

कोणत्या गटात कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते, याची नोंद गाव नमुना बारामध्ये इमानेइतबारे होत आली आहे. परंतु त्याच खातेदाराच्या घरी त्या हंगामात ताटात काय वाढले गेले, हे सांगणारे दप्तर मात्र कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांत ही उणीव विशेष जाणवते. निरा डाव्या कालव्याने बागायती पट्ट्यास ऊस दिला आणि उसाने सुबत्ता आणली, याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. तथापि सुपे-मोरगावकडच्या जिराईत घरांतील ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि मटकीची उसळ यांचे पुढच्या पिढीच्या ताटात काय झाले, हा प्रश्न त्या सुबत्तेने मिटत नाही.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्तविला आहे. असा विकार एका जेवणाने जडत नाही. आनुवंशिकता, श्रम आणि आहार यांचा हिशेब तेथे वर्षानुवर्षे साचत असतो. म्हणूनच आजी, सून आणि नात आपापले नित्याचे ताट पुढे घेऊन छायाचित्राच्या एकाच चौकटीत बसल्या, तर ताटांतील बदल तक्त्यांपेक्षा लवकर उमगेल.

ही छायाचित्रे वनस्पतींच्याच रंगात उमटवावीत, असे मला वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी 1842 साली वनस्पतिरंगांवरील सूर्यकिरणांच्या परिणामाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वाने हळद मद्यार्कात भिजवून गाळावी, तो अर्क कागदास लावून अंधारात वाळवावा, त्यावर पारदर्शक छायाचित्र दाबून ठेवावे आणि कागद काही तास उन्हात मांडावा; उघडा भाग विटतो, छायेतला पिवळा राहतो आणि टाकणखाराच्या पाण्याने तांबूस होतो.

असे चित्र उजेडात टिकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ते विटते, म्हणूनच काही वर्षांनी पुन्हा काढावे लागेल, आणि तेव्हा ताटही नव्याने मांडावे लागेल. शाळांनी हा उपक्रम हाती घ्यावा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात विक्रमी उसाशेजारी या चित्रांना एक भिंत मिळावी. हळद, कागद आणि ऊन अशा साध्या भांडवलाच्या कामासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.